पदक वितळवल्यावर काय उरते?

२० मार्च १९६६. लंडनमधील वेस्टमिन्स्टर सेंट्रल हॉलमध्ये टपाल तिकिटांचे प्रदर्शन भरले होते. तेथील तिकिटांची एकूण किंमत सुमारे ३० लाख पौंड होती. त्याच सभागृहात, लोकांना पाहता यावा म्हणून, विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा ज्यूल रिमे करंडकही ठेवला होता. त्या दिवशी चोरी झाली. चोरांनी तिकिटांना हात लावला नाही. त्यांनी करंडक तेवढा उचलला आणि तो परत करण्यासाठी १५ हजार पौंडांची मागणी केली. ती काही त्यांना मिळाली नाही. आठवड्याभराने दक्षिण लंडनमध्ये मालकाबरोबर फिरायला निघालेल्या पिकल्स नावाच्या कुत्र्याने कुंपणापाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला करंडक शोधून काढला. कुत्रा जगप्रसिद्ध झाला.

या हकिकतीत एक छोटेसे गणित दडलेले आहे. करंडक भरीव सोन्याचा नव्हता. तो चांदीचा असून त्यावर सोन्याचा मुलामा होता आणि त्याची बैठक दगडाची होती. त्याचे वजन होते ३.८ किलोग्रॅम. आपण बैठकही चांदीचीच होती असे धरू, म्हणजे उत्तर खऱ्यापेक्षा जास्तच येईल. ३.८ किलोग्रॅम म्हणजे सुमारे १२२ ट्रॉय औंस. १९६६ साली चांदीचा भाव औंसाला १ डॉलर २९ सेंट होता. म्हणजे सगळ्या चांदीचे झाले सुमारे १५८ डॉलर. त्या काळी एक पौंड म्हणजे २.८० डॉलर. तेव्हा चांदीची किंमत झाली जेमतेम ५६ पौंड. मुलाम्याचे सोने धरले तरी शंभर पौंडांचा आकडा गाठता येत नाही. विमा मात्र ३० हजार पौंडांचा होता.

मग उरलेले २९ हजार ९०० पौंड करंडकाच्या कोणत्या भागात होते? तराजूत ते दिसत नाहीत. रासायनिक विश्लेषणात ते सापडत नाहीत. ज्याचे मोजमाप करता येते त्याच्यावरच भरवसा ठेवण्याची आम्हा विज्ञानवाल्यांना सवय असते. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला अधिकच टोचतो. क्रीडाक्षेत्रातील स्मरणवस्तूंच्या, म्हणजे पदके, करंडक, बॅटी, चेंडू आणि जर्सी यांच्या किमती आज कोटींच्या घरात गेल्या आहेत. या किमती येतात कोठून आणि त्यांच्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे आपण या लेखात पाहू.

दुसरी आणता येते आणि येत नाही

बाजारातील बहुतेक वस्तूंची किंमत ठरवण्याचा एक सोपा मार्ग आहे. ती हरवली तर तशीच दुसरी आणायला किती खर्च येईल? शाळेतला फळा फुटला, तर नव्या फळ्याची किंमत हेच त्याचे मूल्य. म्हणून फार जुन्या फळ्याला कोणी नव्या फळ्याहून जास्त पैसे देत नाही.

२ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर महेंद्रसिंह धोनीने षटकार मारून विश्वचषकाचा अंतिम सामना संपवला. ती बॅट त्याच वर्षी जुलैमध्ये लंडन येथे धर्मादाय कार्यासाठी लिलावात निघाली आणि तिला १ लाख पौंड मिळाले. त्याच कारखान्यातील, त्याच वजनाची, तशाच लाकडाची दुसरी बॅट दुकानात सहज मिळाली असती. पण तो षटकार मारलेली दुसरी बॅट कोठेही मिळत नाही. येथे ‘दुसरी आणण्याचा खर्च’ हा शब्दप्रयोगच निरर्थक ठरतो.

ऑलिंपिक पदकांचेही असेच आहे. पॅरिस येथील २०२४ च्या स्पर्धेतील सुवर्णपदकाचे वजन ५२९ ग्रॅम होते. त्यात सोने फक्त ६ ग्रॅम, आयफेल मनोऱ्यातून काढलेले लोखंड १८ ग्रॅम आणि बाकी सारी चांदी. त्या वेळच्या भावाने सोने-चांदी मिळून हजार डॉलरच्या आसपास भरत होती. १९३६ च्या बर्लिन स्पर्धेत जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूने हिटलरच्या डोळ्यांदेखत चार सुवर्णपदके मिळवली. त्यांपैकी एक २०१३ साली लिलावात सुमारे १४ लाख ६६ हजार डॉलरना विकले गेले. त्याच चारांपैकी दुसरे एक २०१९ साली निघाले, तेव्हा त्याला ६ लाख १५ हजार डॉलर मिळाले. खेळाडू तोच, स्पर्धा तीच, धातू तोच. मग किंमत निम्म्याहूनही कमी कशी?

याचे उत्तर लिलावाच्या रीतीत आहे. समजा, एका वस्तूसाठी अ दहा लाख रुपये द्यायला तयार आहे आणि ब चार लाख. बोली चढत जाते. चार लाखांच्या थोडे पुढे गेले की ब थांबतो आणि वस्तू अ ला मिळते. अ चे दहा लाख कोणाला कळतही नाहीत. म्हणजे लिलावातील किंमत सर्वांत उत्सुक माणसाच्या इच्छेवर ठरत नाही. ती दुसऱ्या क्रमांकाच्या उत्सुक माणसाच्या इच्छेवर ठरते. लिलावाच्या या गणिताचा पाया विल्यम विक्री यांनी १९६१ साली घातला आणि १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आता कल्पना करा, लिलावाच्या दिवशी ब आजारी पडला आणि तिसऱ्या माणसाची तयारी फक्त ५० हजारांची आहे. वस्तू ५० हजारांच्या थोडे वर जाऊन विकली जाईल. वस्तूत काहीही बदल झालेला नाही!

गव्हाच्या बाजारात एक गिऱ्हाईक आले नाही म्हणून भाव कोसळत नाही, कारण गिऱ्हाइके हजारो असतात. एकमेव वस्तूच्या बाजारात मात्र दोन माणसांवर सारा खेळ असतो. म्हणून अशा वस्तूची ‘किंमत’ एखाद्या धातूच्या घनतेसारखी स्थिर राशी मानू नये. एका दिवशी, एका ठिकाणी, दोन माणसांत झालेली ती एक घटना असते.

मूळ वस्तूचाच हट्ट का?

तरीही एक प्रश्न राहतो. ती दोन माणसे तरी इतके पैसे का मोजतात? हुबेहूब नक्कल घेऊन त्यांचे समाधान का होत नाही?

ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली लहान मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी मुलांना एक ‘नक्कल यंत्र’ दाखवले. एका पेटीत वस्तू ठेवली की दुसऱ्या पेटीतून तशीच वस्तू निघे. अर्थात ती हातचलाखी होती. दुसरी वस्तू आधीच आत लपवलेली असे. एक वस्तू केवळ चांदीची म्हणून दाखवली, तेव्हा मुलांनी मूळ आणि नक्कल यांना सारखेच मोल दिले. पण ती इंग्लंडच्या राणीची आहे असे सांगितले, तेव्हा मुलांनी मूळ वस्तूला अधिक मोल दिले. ही मुले सहा वर्षांची होती. झोपताना जवळ लागणारी आपली आवडती बाहुली किंवा गोधडी असलेली काही लहान मुले तर ती यंत्रात घालायलाच तयार होईनात.

म्हणजे लिलावगृहातील श्रीमंतांचे हे वेड नव्याने शिकलेले नाही. वस्तूला तिचा स्वतःचा असा भूतकाळ असतो आणि तो नकलेत उतरत नाही, ही समजूत फार लहानपणापासून आपल्यात असते. आजीच्या पितळी डब्याची आपण मोड घालत नाही, तेव्हाही हीच समजूत काम करत असते.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर तांब्याचे सर्व सारखे अणू एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. कोणत्याही अणूवर ‘मी हेलसिंकीत होतो’ असे लिहिलेले नसते. तेव्हा भूतकाळ वस्तूच्या अणूंत नसतो. तो असतो अणूंच्या मांडणीत उरलेल्या खुणांत, म्हणजे ओरखडे, डाग आणि शिवण यांत. आणि त्याहून अधिक असतो वस्तूच्या बाहेर, म्हणजे छायाचित्रे, पावत्या, पत्रे आणि माणसांच्या साक्षी यांत. वस्तू आणि ती घटना यांना जोडणारी ही पुराव्यांची साखळी असते. लिलावात पैसे मोजले जातात ते या साखळीसाठी.

पुरावा वाढला की किंमत वाढते

हे विधान आपण तपासून पाहू. त्यासाठी वस्तू तीच राहून फक्त पुरावा बदलला, अशी उदाहरणे हवीत.

१९३२ साली शिकागो येथील बेसबॉल सामन्यात बेब रूथ या खेळाडूने आधी बोट दाखवून खूण केली आणि नंतर चेंडू मैदानाबाहेर टोलवला, अशी आख्यायिका आहे. त्या सामन्यातील त्याची मानली जाणारी जर्सी २००५ साली ९ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली. पुढे जुन्या छायाचित्रांशी तिची ताडणी झाली आणि जर्सी तीच असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये तिला २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलर मिळाले. या एकोणीस वर्षांत एकूण बाजारही तापला होता, हे खरे. पण पंचवीस पटींहून अधिक झालेली वाढ केवळ बाजाराने समजावता येत नाही. जर्सीत एक धागाही वाढला नव्हता. वाढली होती खात्री.

उलट बाजूचे उदाहरण ज्यूल रिमे करंडकाचेच आहे. १९६६ च्या चोरीनंतर इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने गुपचूप एक प्रतिकृती करवून घेतली होती. ती १९९७ साली लिलावात आली. अंदाज होता २० ते ३० हजार पौंडांचा. पण ही प्रतिकृती नसून मूळ करंडकच आहे, अशी कुजबुज पसरली होती. बोली २ लाख ५४ हजार ५०० पौंडांवर थांबली. खरेदीदार होती खुद्द जागतिक फुटबॉल महासंघ, फिफा. नंतरच्या तपासणीत ती प्रतिकृतीच निघाली.

येथे संभाव्यतेचे एक गणित विद्यार्थ्यांना देता येईल. समजा, प्रतिकृतीची किंमत २५ हजार पौंड आणि मूळ करंडकाची १० लाख पौंड आहे. वस्तू मूळ असण्याची शक्यता किती मानली, तर २ लाख ५४ हजार पौंड ही योग्य बोली ठरेल? उत्तर येते शंभरात सुमारे साडेतेवीस. नुसत्या शंकेलाही बाजारात भाव असतो, तो असा.

पुरावा तपासायचा कसा?

जेथे पैसा आहे तेथे बनावट माल येतोच. अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, म्हणजे एफबीआयने, १९९० च्या दशकाच्या अखेरीस खोट्या स्वाक्षऱ्यांचे मोठे जाळे उघडकीस आणले. या मोहिमेचे नाव होते ‘ऑपरेशन बुलपेन’. पकडलेल्या मालात मदर तेरेसांची स्वाक्षरी असलेले बेसबॉलचे चेंडूही होते! तपासणीच्या तीन पद्धती आपण समजून घेऊ.

पहिली, छायाचित्र ताडणी. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीत अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड हा सामना झाला. मॅराडोनाने उत्तरार्धात एक गोल हाताने आणि दुसरा निम्म्या मैदानातून पाच जणांना चकवून केला. सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने त्याच्याशी जर्सीची अदलाबदल केली. ती जर्सी २०२२ साली विक्रीस आली, तेव्हा मॅराडोनाच्या कुटुंबीयांनी आक्षेप घेतला की ही पूर्वार्धातील जर्सी आहे. वाद छायाचित्रांनी मिटवला. अर्जेंटिनाच्या संघाने त्या सामन्यासाठी निळ्या जर्सी ऐन वेळी मेक्सिको सिटीतील दुकानातून आणल्या होत्या. बोधचिन्हे घाईघाईने हाताने शिवली होती आणि आकडे इस्त्रीने चिकटवले होते. त्यामुळे प्रत्येक जर्सीवर बोधचिन्ह आणि आकडा किंचित वेगळ्या जागी बसला. हीच घाई पुढे ओळखपत्र ठरली. जर्सीला ७१ लाख ४२ हजार ५०० पौंड मिळाले.

या पद्धतीचे बळ गुणाकारात आहे. समजा, बोधचिन्हाची जागा, आकड्याचा कल आणि पट्टा शिवणीला जेथे मिळतो ती जागा, या प्रत्येक खुणेच्या वीस वेगवेगळ्या अवस्था ओळखता येतात. तिन्ही खुणा परस्परांवर अवलंबून नसतील, तर एकूण २० × २० × २० म्हणजे ८,००० प्रकार होतात. योगायोगाने तिन्ही जुळण्याची शक्यता आठ हजारांत एक. यंत्राने एकसारख्या शिवलेल्या जर्सीत मात्र असे फरक फार थोडे असतात. तेथे फाटणे, डाग आणि रफू यांकडे पाहावे लागते.

दुसरी पद्धत अतिनील प्रकाशाची. पूर्वी आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ देत असत. १९४० च्या दशकापासून कापड, कागद आणि धुण्याची पावडर यांत पांढरेपणा वाढवणारी रसायने येऊ लागली. ती डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतात आणि निळसर दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. त्यामुळे १९३२ सालच्या म्हणून दाखवलेल्या जर्सीचा शिवणीतील दोरा अतिनील दिव्याखाली निळा चमकू लागला, तर काहीतरी घोटाळा आहे असे समजावे. पण थांबा! जुनी जर्सी अलीकडे कोणी नव्या पावडरीने धुतली असेल, तरीही ती चमकेल. आणि न चमकणारी जर्सी जुनी असेलच असे नाही. ही रसायने न वापरलेले कापड आजही मिळते.

याहून खोलवर जाणारी चाचणी किरणोत्सारी कार्बनची. १९५५ च्या सुमारापासून वातावरणातील अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ वाढत गेला आणि १९६३ पर्यंत उत्तर गोलार्धात जवळजवळ दुप्पट झाला. त्यानंतर वाढलेल्या कापसात, लोकरीत आणि चामड्यात ही वाढ उतरलेली असते. त्यामुळे १९३२ ची म्हटलेली लोकर १९६० नंतरची असेल तर ती पकडता येते.

तिसरी पद्धत म्हणजे घटना घडतानाच खूण करून ठेवणे. १९९८ साली मार्क मॅग्वायर हा खेळाडू बेसबॉलच्या एका मोसमातील सर्वाधिक टोल्यांचा विक्रम मोडण्याच्या बेतात होता. तेव्हा त्याला टाकल्या जाणाऱ्या चेंडूंवर, अतिनील प्रकाशातच दिसेल अशी खूण केली जात असे. सिडनी येथील २००० सालच्या ऑलिंपिकमध्ये अधिकृत मालाच्या लेबलांवर डीएनए मिसळलेली शाई वापरली होती.

या पद्धतींतील फरक शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावा. दिवा आणि कार्बनची चाचणी फार तर ‘ही वस्तू त्या काळातील नाही’ एवढे सांगू शकते. वस्तू त्या काळातील ठरली, तरी ती त्याच माणसाने, त्याच दिवशी वापरली हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी छायाचित्र, खूण, नोंद आणि साक्ष यांचीच गरज लागते. प्रयोगशाळा साखळीचा एखादा दुवा खोटा आहे हे दाखवू शकते. नसलेला दुवा ती निर्माण करू शकत नाही.

किमतीवर किती भरवसा ठेवावा?

मॅग्वायरचा तो सत्तरावा, विक्रमी चेंडू जानेवारी १९९९ मध्ये ३० लाख डॉलरना विकला गेला. त्याच्या खरेपणाविषयी कोणालाच शंका नव्हती. पण २००१ साली बॅरी बाँड्सने ७३ टोले मारून तो विक्रम मोडला. पुढे २०१० साली आपण उत्तेजक द्रव्ये घेतली होती, अशी कबुली मॅग्वायरने दिली. चेंडू खरा, साखळी भक्कम. तरी ज्या घटनेला ती बांधलेली होती तिचेच तेज गेले.

बाँड्सच्या त्र्याहत्तराव्या चेंडूची कथा आणखी बोलकी आहे. एका प्रेक्षकाने तो झेलला, गर्दीने त्याला खाली पाडले आणि चेंडू दुसऱ्याच्या हाती लागला. मालकी कोणाची, हा वाद न्यायालयात गेला. डिसेंबर २००२ मध्ये न्यायाधीशांनी चेंडू विकून पैसे निम्मे-निम्मे वाटून घ्यावेत असा निकाल दिला. २००३ साली चेंडूचे आले साडेचार लाख डॉलर. मॅग्वायरच्या चेंडूच्या सहाव्या हिश्श्याइतकेही नाहीत, आणि विक्रम मात्र मोठा!

तेव्हा किंमत पाहून घटनेचे मोठेपण ठरवता येत नाही. ज्या खेळाच्या चाहत्यांकडे पैसा आहे, त्या खेळाच्या वस्तू महाग. किंमत ही मोलाची सावली आहे. दिवा कोठे आहे त्यावर सावलीची लांबी ठरते.

ज्यांची बोली लागलीच नाही

आता आपल्या देशाकडे वळू. बलबीरसिंग (थोरले) हे १९४८, १९५२ आणि १९५६ अशा तीन सुवर्णपदक विजेत्या हॉकी संघांत होते. १९५२ च्या अंतिम सामन्यात भारताच्या सहा गोलांपैकी पाच त्यांचे होते. नियोजित क्रीडा संग्रहालयासाठी त्यांनी १९८५ साली आपली ३६ पदके, मेलबर्न ऑलिंपिकमधील कोट आणि शंभराहून अधिक छायाचित्रे भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे सुपूर्द केली. २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने भरणाऱ्या प्रदर्शनासाठी त्या वस्तूंची चौकशी झाली, तेव्हा त्या सापडल्या नाहीत. पुढे आठ वर्षे त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी पाठपुरावा केला. मे २०२० मध्ये ते वारले, तोपर्यंत वस्तू त्यांना परत मिळाल्या नव्हत्या.

या वस्तू कोणी बाजारात नेल्या नव्हत्या. त्या देशाला भेट दिल्या होत्या. कोणती वस्तू, कोणत्या दिवशी, कोणाच्या हाती दिली, पुढे ती कोठे गेली, या नोंदींची साखळी तुटली की वस्तू असूनही नसल्यासारखी होते. उद्या एखाद्या जुन्या कपाटात निळा कोट सापडला, तर तो मेलबर्नचाच हे कशावरून ठरवायचे?

दुसरे उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वरचे. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. २०१७ साली खाशाबांच्या कुटुंबीयांनी जाहीर केले, की त्यांच्या नावाने कबूल केलेले कुस्ती संकुल होत नसेल तर पदकाचा लिलाव करून ते आम्ही उभारू.

या बातमीने अनेकांना वाईट वाटले. पण आपण नीट विचार केला पाहिजे. घरच्या कपाटात पदकाची किंमत शून्य असते. विकले तर पैसा येतो, पण पदक जाते. कायद्याचा आधार मिळेल म्हणावे, तर १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू कायदा सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंनाच पुरावशेष मानतो. त्या हिशेबाने हेलसिंकीच्या पदकाला शंभर वर्षे पूर्ण होतील २०५२ साली. तोवर त्याचे काय करायचे ते समाजानेच ठरवायचे आहे. कधी कधी समाज, किंवा एखादा माणूस, शहाणपणाने वागतो. मुष्टियोद्धा व्लादिमिर क्लिच्को याने आपले १९९६ चे सुवर्णपदक २०१२ साली मुलांच्या मदतीसाठी दहा लाख डॉलरना विकले आणि खरेदीदाराने पैसे देऊन पदक त्यालाच परत केले.

ज्यूल रिमे करंडकाचा शेवट तितका चांगला झाला नाही. १९७० साली तिसऱ्यांदा विश्वविजेता ठरल्यामुळे तो ब्राझीलला कायमचा मिळाला. रिओ दी जानेरो येथे तो ज्या कपाटात ठेवला होता त्याची दर्शनी काच बंदुकीच्या गोळीने न फुटणारी होती. पाठीमागची चौकट मात्र लाकडी होती. डिसेंबर १९८३ मध्ये चोरांनी ती उचकटून करंडक नेला. तो पुन्हा मिळालाच नाही. तो वितळवला गेला असावा, असे मानले जाते. तसे झाले असेल, तर चोरांच्या हाती आपण सुरुवातीला मोजली तेवढी चांदी लागली असणार. बाकीचे मोल वितळत नाही आणि उरतही नाही. ते नाहीसे होते आणि पुन्हा विकत घेता येत नाही.

शाळेत करून पाहण्यासारखे

१. नोटा तपासण्याचा लहान अतिनील दिवा आणा. अंधाऱ्या खोलीत १९५० पूर्वीचे एखादे पुस्तक, आजची वही, धुतलेला शर्ट आणि न धुतलेली खादी त्याखाली धरा. कोण चमकते, कोण नाही, याची यादी करा आणि त्यातून काय सिद्ध होते व काय होत नाही, यावर चर्चा करा. दिव्याकडे थेट पाहू नका.

२. ‘नक्कल यंत्र’ वर्गात केवळ कल्पनेने वापरा. कोणती वस्तू यंत्रात घालून नक्कल घरी न्यायला तुम्ही तयार व्हाल आणि कोणती नाही? कारणे लिहून काढा.

३. बहुतेक शाळांत जुन्या ढाली आणि करंडक असलेले एक कपाट असते. अक्षरे पुसट झालेली असतात. प्रत्येक वस्तूचे वजन, मापे, पोचे आणि ओरखडे यांची नोंद करा. चारही बाजूंनी छायाचित्रे काढा. कोणत्या वर्षी, कोणत्या सामन्यात, कोणत्या संघाने ते मिळवले, हे जुनी हजेरीपत्रके आणि शाळेची वार्षिके पाहून शोधा. त्या संघातील जे हयात आहेत त्यांना भेटून त्यांचे म्हणणे लिहून घ्या, खाली तारीख आणि सही घ्या. नोंदीच्या दोन प्रती करून एक शाळेबाहेर ठेवा.

तिसऱ्या उपक्रमाला खर्च जवळजवळ नाही, पण त्याला मुदत आहे. ढाल आणखी पन्नास वर्षे टिकेल. ती जिंकणाऱ्या संघातील माणसे तेवढी थांबणार नाहीत.